पत्त्यांची यादी आणि अस्तेयव्रत

१९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजी साबरमतीच्या आश्रमवासीयांना दर मंगळवारी एक पत्र लिहीत. एकेका पत्रात एकेका व्रताचा विचार असे आणि हीच पत्रे पुढे ‘मंगल प्रभात’ या छोट्या पुस्तकात आली. ऑगस्टमधले एक पत्र अस्तेयावर, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रतावर आहे. आश्रमाचे कोठार सगळ्यांचे सामाईक असले, तरी त्यातला साखरेचा एक खडा जरी कोणी गुपचूप उचलला तरी तो चोरच, असे ते त्यात बजावतात. एखादी वस्तू कोणाचीच नाही असे समजून घेणे हीसुद्धा चोरी, असेही सांगतात. आज त्याच येरवड्यात कॉमर्झोनसारख्या संकुलांतल्या मोठ्या कंपन्यांपासून गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत बहुतेकांकडे एक सामाईक कोठार असते. त्यात ग्राहकांची, रुग्णांची, देणगीदारांची नावे, पत्ते, फोन नंबर आणि ईमेल असतात. कार्यालयातल्या चार-सहा संगणकांवरून ते उघडता येते. ते कसे वाटून घ्यावे, हा प्रश्न संगणक दुरुस्त करणाऱ्यावर सोपवून आपण मोकळे होतो. माझ्या मते तो आधी धर्माचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर यादीच्या किती प्रती निघतात यावर बऱ्याच अंशी ठरते.

प्रती निघतात कशा, ते पाहू. एका संगणकावर एक्सेलची फाइल असते. दुसरा ती उघडायला जातो, तर ती आधीच उघडलेली असल्याने त्याला फक्त वाचता येते, बदल करता येत नाही. काम अडते म्हणून तो आपल्या डेस्कटॉपवर प्रत घेतो. तिसरा ती पेनड्राइव्हवर घरी नेतो, चौथा मेलवर मागवतो. महिन्याभरात ‘यादी नवीन’, ‘यादी फायनल’, ‘यादी फायनल २’ अशी पिलावळ होते. मग एखाद्या बाई फोन करून सांगतात, ‘माझं नाव काढून टाका, मला पत्रकं नकोत.’ फोन घेणारा आपल्या प्रतीतली ओळ पुसतो आणि ‘काढलं हं ताई’ म्हणतो. तो खोटे बोलत नाही. पण दिवाळीची लेबले छापली जातात दुसऱ्याच प्रतीवरून, आणि त्याने मनापासून दिलेला शब्द खोटा ठरतो. डेटाबेस एकाच सर्व्हरवर असेल आणि बाकीचे संगणक त्यात डोकावणाऱ्या खिडक्याच असतील, तर एकदा पुसलेली ओळ सगळ्यांसाठी पुसली जाते. कोणाला किती दिसावे हे ठरवता येते आणि कोणी काय उघडले याची नोंद ठेवता येते. गांधीजींच्या दाखल्यातला ‘गुपचूप’ हा भाग इथे फार महत्त्वाचा आहे. सामाईक कोठारात चोरी होते ती न सांगता वेगळे काढून ठेवण्याने, आणि डेस्कटॉपवरची प्रत नेमकी तशीच असते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, साखर उचलली तर कोठारात कमी होते; यादीची प्रत घेतली तर मूळ यादी जशीच्या तशी राहते. कोणाचे काही गेलेच नाही, तर चोरी कसली? शिवाय आपली परंपरा सांगते की विद्या दिल्याने वाढते. पण पत्ता म्हणजे विद्या नव्हे. गणिताचा सिद्धांत हजारांना सांगितला तर सांगणाऱ्याचे दार कोणी ठोठावत नाही. फोन नंबर हजारांना दिला तर फोन त्या एकाच माणसाचा वाजतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात चोरीची जी व्याख्या आहे, तिचा रोख धन्याचे किती घटले यावर नाही. जे दिलेले नाही ते घेणे हीच तिथे चोरी. दवाखान्याला नंबर दिला तो तपासणीची वेळ कळावी म्हणून. तो विम्याच्या एजंटाला दिलेला नव्हता, आणि दवाखान्यातल्या सगळ्या संगणकांनाही दिलेला नव्हता. जाते ते आपल्यापर्यंत कोणी पोहोचावे हे ठरवण्याचे माणसाचे स्वातंत्र्य. त्याच ग्रंथात चोरीचा माल घेणे हाही या व्रताचा अतिचार, म्हणजे व्रताला लागणारा दोष, म्हणून सांगितला आहे. ‘आम्ही फक्त विकत घेतली’ म्हणणाऱ्या यादीखरेदीदारांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

दुसरा आक्षेप संमतीचा: फॉर्मवर लोकांनीच खूण केली आहे. गांधीजी इथेही पुढे जातात. खरी गरज नसताना परवानगीने घेतलेली वस्तूसुद्धा त्यांच्या लेखी चोरीच, आणि पुढच्या आठवड्याच्या अपरिग्रहावरील, म्हणजे गरजेपलीकडे न साठवण्याच्या व्रतावरील, पत्रात ते हा नियम वस्तूंवरून विचारांनाही लावतात. नको त्या माहितीने डोके भरून ठेवणे हासुद्धा परिग्रह. पत्रक पाठवायला जन्मतारीख कशाला हवी? योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात परिग्रहाचे जे दोष मोजले आहेत, त्यांत मिळवण्याच्या दोषाबरोबर राखण्याचा दोषही आहे. जे जमवले त्याची राखण करावी लागते, आणि पाच प्रती म्हणजे पाच ठिकाणची राखण. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही बऱ्याच अंशी इथेच पोहोचतो: सांगितलेल्या कामापुरतीच माहिती घ्यावी, संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे, आणि ती मागे घेतल्यावर माहिती पुसावी. मग व्रताची गरज काय, असे कोणी विचारील. कायदा तक्रार झाल्यावर जागा होतो. कपाटातल्या पेनड्राइव्हवर सहावी प्रत आहे हे ती घेणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि तिथे त्याचे व्रतच कामाला येते.

चांगल्या कामासाठी तरी यातून सूट असावी, असे संस्थांना वाटते. एका ट्रस्टने दुसऱ्या ट्रस्टला देणगीदारांची यादी दिली तर बिघडले काय? यादीच नको, असे मी म्हणत नाही. गांधीजींचे ‘हरिजन’ साप्ताहिक ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्यातून सुरू झाले, तेव्हा ते पुन्हा येरवड्यातच कैदेत होते. आणि साप्ताहिक चालवायचे तर वर्गणीदारांचे पत्ते हवेतच. वर्गणीदार पत्ता देतो तो अंक घरी यावा म्हणून. अनाथाश्रमाला देणगी देणाऱ्याने मात्र आपली करुणा आसपासच्या सगळ्या संस्थांना सामाईक करून दिलेली नसते. त्याला विचारावे. विचारायला एक पत्र पुरते, आणि नकार आला तर तो आपल्या पुण्याच्या आड येणारा अडथळा मानू नये.

शेवटचा आक्षेप कार्यालयात रोज काम करणाऱ्यांचा आहे आणि तो रास्त आहे. सर्व्हर बंद पडला तर? बॅकअप तर हवाच, म्हणजे दुसरी प्रत आलीच. पण बॅकअप वापरासाठी नसतो. तो कुलपात असावा, त्याची किल्ली एक-दोघांकडेच असावी आणि जुने बॅकअप ठरल्या मुदतीने पुसले जावेत. खरी अडचण पुढेच आहे. बॅकअपवरून यादी परत उभी केली, की मधल्या काळात काढलेली नावे पुन्हा जिवंत होतात. ती पुन्हा काढायची तर कोणी ‘नको’ म्हटले होते याची वेगळी नोंद हवी, म्हणजे ज्याने विसरा म्हटले त्यालाच लक्षात ठेवणे आले. हा पेच पूर्ण सुटत नाही. गरजेच्या कसोटीने तो लहान मात्र करता येतो. त्या नोंदीत फक्त फोन नंबर किंवा ईमेल आणि ‘पाठवू नये’ हा शेरा ठेवावा. नाव, वय, आजार, देणगीची रक्कम हे सगळे पुसावे. आणि ही नोंदसुद्धा एकाच जागी असावी, सगळ्या संगणकांनी पत्रक पाठवण्याआधी तीच पाहावी.