कंत्राट कचऱ्याचं, जबाबदारी कुणाची?

एखादं काम दुसऱ्याला देता येतं, त्याचे पैसे ठरवता येतात, करार करता येतो. पण त्या कामाची नैतिक जबाबदारीही त्याच करारातून दुसऱ्याकडे जाते का? या प्रश्नावर मी बराच काळ विचार करतो आहे, आणि त्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेलं उदाहरण आहे लष्करी तळावरच्या कचऱ्याचं.

इराकमध्ये बगदादच्या उत्तरेला साधारण ६५ किलोमीटरवर बलाद इथं अमेरिकेचा मोठा हवाई तळ होता. सैनिक आणि कंत्राटी कामगार मिळून वीस हजारांहून जास्त माणसं, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गावच. एवढ्या वस्तीचा कचरा तळावरच सुमारे दहा एकरांच्या उघड्या जागेत जाळला जायचा, पेटवायला विमानाचं इंधन वापरून. २००८ च्या सुमारास हे प्रमाण दिवसाला १४७ टनांपर्यंत गेलं होतं. त्यात प्लास्टिकच्या बाटल्या, थर्माकोल, बॅटऱ्या, टायर, रंगाचे डबे आणि दवाखान्यातला कचरासुद्धा असे. इराक-अफगाणिस्तानात असे खड्डे अनेक तळांवर होते. त्यांतल्या बऱ्याच तळांवर जेवण, धुलाई, पाणी आणि कचरा ही कामं लष्करानं केबीआर या खाजगी कंपनीला दिलेली होती. नेमका कुठला खड्डा कोण चालवत होतं, हाही पुढं वादाचाच मुद्दा झाला.

ही कामं खाजगी कंपनीला देण्यामागचा विचार तसा सरळ आहे. काही कामं मुळातच सरकारची असतात आणि ती सरकारी माणसांनीच करायची, हे तत्त्व अमेरिकी सरकार मान्य करतं. बंदूक कधी चालवायची हा निर्णय त्यात येतो, कचरा उचलणं येत नाही. लष्करानं १९८५ मध्ये लॉगकॅप नावाची योजना आखली, १९९२ मध्ये तिचं पहिलं मोठं कंत्राट दिलं आणि डिसेंबर २००१ मध्ये ते केबीआरकडे आलं. प्रशिक्षित सैनिकाला कचऱ्याच्या गाडीवर बसवू नये, हे कुणालाही पटेल.

मला मात्र इथंच अडखळायला होतं. कचरा हे ‘बाहेर देण्याजोगं’ काम आहे, हे इतक्या सहज का ठरतं? त्याला कौशल्य कमी लागतं म्हणून, की ते घाण आहे म्हणून? आपल्याला तरी हा प्रश्न परका नसावा. जो कचरा करतो त्याला आपण काहीच म्हणत नाही आणि जो उचलतो त्याला ‘कचरेवाला’ म्हणतो. शतकानुशतकं आपण हे काम जातीवर सोपवलं आणि त्याबद्दल विचार करायचं काम संपलं असं मानलं. नजरेआड गेलेला कचरा आपला राहत नाही, हा समज कंत्राटाच्या पद्धतीपेक्षा खूप जुना आहे.

बलादचा कचरा मात्र नजरेआड गेला नाही. तो धूर होऊन राहत्या तंबूंवर आणि बराकींवर परत आला. डिसेंबर २००६ मध्ये हवाई दलाच्याच एका अधिकाऱ्यानं हा खड्डा आरोग्याला धोकादायक असल्याचा लेखी इशारा दिला. तरी भट्ट्या बसून खड्डा बंद व्हायला २००९ उजाडलं. त्याच वर्षी अमेरिकी संसदेनं, दुसरा पर्यायच नसेल ती वेळ सोडून, घातक आणि वैद्यकीय कचरा उघड्यावर जाळायला बंदी घातली. भट्ट्यांचीही कथा निराळी नाही. अफगाणिस्तानातल्या खर्चावर देखरेख करणाऱ्या अमेरिकी महानिरीक्षकांच्या कार्यालयानं २०१५ मध्ये सांगितलं की तिथल्या आठ भट्ट्या, किंमत सुमारे दोन कोटी डॉलर, एकदाही वापरल्या गेल्या नाहीत.

सुरुवातीला खड्डा खणणाऱ्यांना मी दोष देणार नाही. कचऱ्याचे ट्रक तळाबाहेर पाठवायचे तर रस्त्यावर स्फोटांची भीती होती. धूर की स्फोट, यातून धूर निवडणं हा २००३ मध्ये समजूतदार निर्णय असू शकतो. पण तात्पुरती सोय वर्षानुवर्षं चालू राहते, तेव्हा ती कुणीतरी रोज नव्यानं निवडत असतं. ती निवड कोण करत होतं?

पुढं आजारी सैनिकांनी केबीआरवर खटले भरले. मेरीलँडच्या संघीय न्यायालयात ते एकत्र चालवले गेले. कंपनीचं म्हणणं होतं की खड्डे वापरायचा निर्णय लष्कराचा होता. २०१८ मध्ये अपील न्यायालयानं ते मान्य केलं: कचऱ्याबाबतच्या निर्णयांवर नियंत्रण लष्कराचं होतं, आणि युद्धकाळातल्या लष्करी निर्णयाची उलटतपासणी न्यायालय करू शकत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. मग लष्करावर दावा लावावा, तर १९५० च्या ‘फेरेस’ निकालानुसार सेवेच्या ओघात झालेल्या इजेसाठी सैनिकाला स्वतःच्या सरकारवर नुकसानभरपाईचा दावा करता येत नाही. एकेक दार वेगळं पाहिलं तर बंद असण्याचं कारण समजतं. कंपनी हुकूम पाळत होती, हेही बऱ्याच अंशी खरं असेल. सगळी दारं मिळून मात्र असं घर तयार होतं ज्यात शिरायला वाटच नाही.

राज्यशास्त्राचे अभ्यासक डेनिस थॉम्पसन यांनी १९८० मध्ये याला ‘अनेक हातांचा प्रश्न’ म्हटलं. निर्णयात इतके हात असतात की कुठलाच एक हात दोषी ठरत नाही. मला वाटतं, कंत्राट या प्रश्नात एक भर घालतं. सरकारी खात्यात हात अनेक असले तरी ते एकाच अंगाचे असतात. कंत्राटात दोन अंगं असतात, आणि प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची कायदेशीर सोय असते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे अर्धी कामं बाहेरच्या व्हेंडरकडे असतात आणि ती बिघडतात. ग्राहकाचा ओटीपी पोहोचला नाही, तर सर्व्हर कुणाचा होता याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. तेव्हा काय झालं हे शोधायला आमच्याकडे एकच गोष्ट असते: लॉग. तो नसेल तर बैठकीत नुसती मतं उरतात. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेनं २०१० मध्ये नोंदवलं की लष्करानं स्वतःच्याच नियमांत सांगितल्याप्रमाणे या धुराची मोजमापं घेतली नव्हती. मग २०११ मध्ये तज्ज्ञ समितीनं, दीर्घकालीन आजारांबद्दल ठाम निष्कर्षाला पुरेसा पुरावा नाही, असं म्हटलं तर नवल काय? समिती प्रामाणिक होती. पण पुरावा न ठेवणाऱ्याला पुरावा नसल्याचा फायदा मिळाला, आणि सिद्ध करण्याचं ओझं धूर गिळणाऱ्यावर पडलं. निवृत्त सैनिकांचे धुराशी संबंधित बहुतेक दावे वर्षानुवर्षं फेटाळले गेले.

ऑगस्ट २०२२ मध्ये ‘पॅक्ट’ कायदा झाला. त्यानं ठरावीक आजारांसाठी कारण सिद्ध करण्याची अट काढली: तुम्ही तिथं होतात आणि तुम्हाला हा आजार आहे, एवढं पुरे. हे चांगलंच झालं. तरी ही भरपाई आहे, जबाब नाही. पैसे करदात्यांनी दिले; कुणी चूक केली का, हा प्रश्न तसाच राहिला. शिवाय हा कायदा अमेरिकी सैनिकांपुरता आहे. या तळांवर स्वयंपाक, धुलाई, साफसफाई करायला भारत, नेपाळ, फिलिपिन्समधून आलेली माणसं होती. कुंपणापलीकडे इराकी गावं होती. हवा त्यांचीही तीच होती.

‘जबाबदारी’ या आपल्या शब्दातच ‘जबाब’ आहे. काम करणारा आणि जबाब देणारा वेगळे असायला माझी हरकत नाही. सगळं जग तसंच चालतं. खाजगी कंपनी कचरा उचलते म्हणून काही अनैतिक घडत नाही. कदाचित सैनिकांनी स्वतः खड्डा पेटवला असता, तरी धूर तेवढाच झाला असता. माझा आक्षेप एवढाच आहे की काम सोपवताना जबाब कुणाकडे राहणार, हे कुणी ठरवलंच नाही, आणि ते न ठरणं दोन्ही पक्षांच्या सोयीचं होतं.

म्हणून कुठल्याही कचऱ्याच्या कंत्राटाला, तळाचं असो की महापालिकेचं, मी तीन प्रश्न विचारीन. हवा, पाणी, माती कोण मोजणार, आणि तो कंत्राटदारापासून स्वतंत्र आहे का? धोका दिसला तर काम थांबवायचा अधिकार कुणाला आहे? आणि वीस वर्षांनी एखादा खोकत दारात आला, तर ‘ते आमच्याकडे येत नाही’ असं म्हणण्याची मुभा कुणाला नसेल? कचरा उचलायचा टनामागे दर किती, हा प्रश्न निविदेत पहिला असतो. तो या तिघांनंतर यावा.