नोंद नसलेला माणूस

मराठवाड्याच्या बोलीत पोलिसांच्या कामासाठी काही खास क्रियापदे रूढ झाली आहेत. 'अटक केली' असे वर्तमानपत्रात छापून येते. गावात मात्र 'उचलले', 'आत घेतले', 'बसवून ठेवले' असे म्हणतात. यांतले शेवटचे क्रियापद ऐकायला सर्वांत सौम्य आणि आमच्या मते सर्वांत भयंकर आहे. अटकेला तारीख असते, वेळ असते, कलम असते. बसवून ठेवलेल्या माणसाला यांपैकी काहीच नसते. तो ठाण्याच्या मागल्या खोलीत असतो आणि कागदावर कुठेच नसतो. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत धर्मगुरू म्हणून वावरताना हा शब्द इतक्या वेळा कानांवर पडला, की पुढे पुढे त्याचे आम्हांला काही वाटेनासे झाले. त्या वाटेनाशा होण्याविषयीच आज लिहावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही दिवा मालवीत असता आमच्या धर्मग्रामातील एक विधवा बाई दारात येऊन उभी राहिली. तिचा मुलगा एका गॅरेजात कामाला होता. चोरीच्या एका मोटारसायकलीसंबंधी चौकशी करावयाची आहे, असे सांगून साध्या वेषातले दोघे त्याला घेऊन गेले, त्याला दोन दिवस झाले होते. ठाण्यावर गेली तर 'इथं नाही' म्हणाले, दुसऱ्या ठाण्यावर पाठविले, तिथेही तेच उत्तर. "फादर, पोरगं जित्तं हाय का, एवढं तरी इचारा," ती म्हणाली. आम्ही काय म्हणालो? "माय, सकाळपर्यंत धीर धरा. काहीतरी असल्याशिवाय पोलीस उगाच नेणार नाहीत." बाई काही बोलली नाही. पदर डोक्यावर ओढून पावसात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओळखीच्या एका अधिकाऱ्याला फोन केला आणि दुपारी मुलगा घरी आला. पाय ओढत चालत होता. घसरून पडलो म्हणाला. त्याच्या हातात कसला कागद नव्हता आणि त्याची सही कुठे घेतली नव्हती. मोटारसायकल सापडली होती, ती मुद्देमालाच्या वहीत रीतसर नोंदविलेली होती. मुलाची नोंद कुठेच नव्हती. आम्ही फोन करून त्या अधिकाऱ्याचे आभार मानले. वस्तीत बोलबाला झाला, की फादरांनी पोराला सोडवून आणले. खोटे कशाला सांगावे, ते ऐकून आम्हांला बरेही वाटले.

पुढे केव्हातरी 'प्रेषितांची कृत्ये' वाचीत असता सोळाव्या अध्यायापाशी आम्ही अडलो. फिलिप्पै नगरात संत पौल आणि सीला यांना चौकशीवाचून फटके मारले जातात, तुरुंगात त्यांचे पाय खोड्यात अडकवले जातात. सकाळ होताच अधिकाऱ्यांचा निरोप येतो, की त्यांना सोडून द्या. दुसरा कोणी असता तर देवाचे आभार मानून वाटेला लागला असता. पौल मात्र जागचा हलत नाही. आम्हांला चवाठ्यावर मारले आणि आता गुपचूप घालवून देता काय, ज्यांनी आत टाकले त्यांनीच येऊन बाहेर न्यावे, असा त्याचा आग्रह आहे. अधिकाऱ्यांना यावे लागते, विनवणी करावी लागते. हा उतारा आम्ही सेमिनरीत अभ्यासला होता, प्रवचनातही वापरला होता; पण पौल आपल्या मानापमानासाठी अडून बसला असेल, असेच तोवर आम्हांला वाटत आले होते. त्याने मागच्या दाराने बाहेर पडणे नाकारले, कारण तसे गेल्यास फटके पडलेच नाहीत असे ठरले असते आणि मागे राहिलेल्या नवख्या मंडळीला उद्या तेच भोगावे लागले असते, हे आता ध्यानात आले. आम्ही त्या मुलाला मागच्या दाराने आणले होते आणि दाराला नमस्कारही केला होता.

कोणी म्हणेल, गुप्ततेला एवढे दूषण कशाला? तुम्ही धर्मगुरू तर गुपितांवरच जगता. हे खरे आहे. पापनिवेदनात ऐकलेला शब्द आम्ही कोणत्याही कारणाने, कोणत्याही सत्तेपुढे उच्चारू शकत नाही. धर्मसभेच्या कायद्याचे १९८३ च्या संहितेतील ९८३ वे कलम त्याबाबतीत कसलीही सवलत देत नाही. पण ते गुपित कोणाच्या रक्षणासाठी आहे, हे पाहावे. गुडघे टेकणारा दुर्बळ असतो, ऐकणाऱ्यापाशी अधिकार असतो आणि मौनाचे बंधन अधिकार असणाऱ्यावर आहे. ठाण्याच्या मागल्या खोलीत हे सारे उलटे होते. तिथले गुपित काठी हाती असलेल्याचे रक्षण करते आणि मौन मार खाणाऱ्यावर लादले जाते.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकवताना आमचे गुरुजी एका मुद्द्यावर फार रेंगाळत. कायदा म्हणजे सर्वांच्या हितासाठी केलेली विवेकाची आज्ञा, हे आम्ही पाठ केले होते. पण ती आज्ञा जाहीर केलेली असली पाहिजे, ही त्या व्याख्येतील अखेरची अट आम्हांला किरकोळ वाटे. मागल्या खोलीतल्या माणसाकडे पाहिले म्हणजे ती किरकोळ वाटत नाही. जाहीर न केलेला कायदा जर कायदा नव्हे, तर जाहीर न केलेली कैद हे कायद्याचे काम कसे होईल? ती कैद कितीही खऱ्या गुन्हेगाराची असो.

आपल्या राज्यघटनेने ही अट तासांत बांधून दिली आहे. अनुच्छेद २२ प्रमाणे पकडलेल्या माणसाला पकडण्याचे कारण सांगितले पाहिजे, वकील भेटू दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. १९४९ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही तरतूद घटना समितीपुढे मांडली, ती अनुच्छेद २१ च्या शब्दयोजनेने राहून गेलेली उणीव काही अंशी भरून काढावी म्हणून. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवाद त्याच अनुच्छेदात आहे, हेही सांगितले पाहिजे. पुढे १९९४ साली जोगिंदर कुमार या तरुण वकिलाला गाझियाबादच्या पोलिसांनी चौकशीच्या नावाखाली काही दिवस ठेवून घेतले, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्याच्या निकालात न्यायालयाने अकरा सूचना घालून दिल्या: अटकेचा कागद जागेवरच करावा, त्यावर साक्षीदाराची सही असावी, नातलगाला कळवावे, डायरीत लिहावे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तर अटक झालेल्यांची नावे प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावण्यास सांगितले आहे. म्हणजे कायदा अपुरा आहे, असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही.

आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त हवालदारापाशी आम्ही हा विषय काढला. गृहस्थ सज्जन, रविवारची मिस्सा न चुकविणारे. ते म्हणाले, "फादर, चोवीस तासांत चोर बोलतो व्हय? वरचे साहेब रोज विचारतात, उलगडा झाला का. बाहेर तुमचीच माणसं मोर्चा घेऊन येतात, आरोपी पकडा म्हणून. आम्ही चार माणसांनी चाळीस गावं सांभाळायची." त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. २९ मार्च २०२१ रोजी नांदेडला होला मोहल्ल्याच्या वेळी जमावाने पोलिसांवर हल्ला केला, पोलीस जखमी झाले. खाकीच्या आत रक्तामांसाचा माणूस असतो, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. पण हवालदारांच्या उत्तरात एक गोष्ट आम्हांला खटकली. नोंद का करीत नाही, हा आमचा प्रश्न होता. नोंद केली तर हात बांधले जातात, हे त्यांचे उत्तर होते. म्हणजे त्या वहीचे सामर्थ्य आमच्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक होते.

नोंद खोटीही असू शकते. शेजारच्या परभणीने हे भोगले आहे. २ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत घाटकोपर येथे बसमध्ये स्फोट झाला. त्या प्रकरणात परभणीचा संगणक अभियंता ख्वाजा यूनुस याला पकडण्यात आले. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी लिहून ठेवले, की औरंगाबादकडे नेत असता वाहनाला अपघात झाला आणि तो पळून गेला. त्याला कोठडीत बेदम मारहाण होताना आपण पाहिले, असे सहआरोपी सांगत राहिले. गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात पळाल्याची कथा टिकली नाही. चार पोलिसांवर आरोपपत्र दाखल झाले. स्फोटाच्या खटल्यातील आरोपी २००५ साली निर्दोष सुटले. यूनुसचा देह मात्र मिळाला नाही. उच्च न्यायालयाने २०१२ साली आईला वीस लाख रुपये भरपाई देवविली. पोलिसांवरील खटला दोन दशकांनंतरही रखडलेलाच राहिला. ज्या आईला कबर नाही, तिने मृतांसाठी प्रार्थना करावयाची ती कोणत्या दिवशी, याचे उत्तर आमच्या धर्मशास्त्रात आम्हांला सापडले नाही.

त्याच परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये घटनेच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर दंगल उसळली. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे कारण आले. गुन्हा नोंदवा, एवढे होण्यासाठी जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा आदेश लागला, आणि त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे आदेश कायम राहिला.

नांदेडला सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून येणारे वृद्ध यात्रेकरू पाहिले, की आम्हांला जसवंतसिंग खालरा यांची आठवण होते. अमृतसरच्या एका सहकारी बँकेतील हा मनुष्य. पंजाबात तरुण नाहीसे होत होते आणि पोलीस हात वर करीत होते. तेव्हा खालरांनी स्मशानांतील वह्या तपासल्या. बेवारस म्हणून जाळलेल्या देहांची आणि त्यांना लागलेल्या लाकडांची नोंद त्या वह्यांत होती. ठाण्याने माणूस लिहिला नव्हता, पण सरणाची लाकडे कोणीतरी लिहून ठेवली होती. ६ सप्टेंबर १९९५ रोजी खालरांनाच घरासमोरून उचलून नेण्यात आले आणि त्यांचा खून झाला. त्यासाठी पुढे पोलिसांना शिक्षा झाल्या. केंद्रीय अन्वेषण विभागाला एकट्या अमृतसरच्या परिसरात असे २,०९७ देह मोजावे लागले.

आता थोडे आपल्या घरात पाहू. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, धर्मन्यायासन चालले. आरोपीला फिर्याद करणाऱ्याचे नाव कळत नसे आणि सुटून बाहेर पडणाऱ्याकडून आत घडलेले कोणाला न सांगण्याची शपथ घेतली जात असे. छळाला मेंढपाळांनी अनेकदा विरोध केला नाही, याची कबुली १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात दिलेली आहे. ते वाचताना 'मेंढपाळ' या शब्दावर आमची नजर पूर्वी थांबत नसे.

जनतेने पोलिसांवर विश्वास ठेवावा, असे आवाहन दर सणाच्या आधी होते. आमच्या मते ईश्वरावर ठेवावयाची श्रद्धा आणि काठी धरणाऱ्यावर ठेवावयाचा विश्वास या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीला पुरावा लागत नाही. दुसऱ्याला लागलाच पाहिजे. वही उघडून दाखविल्यावर जो बसतो, तोच तो विश्वास. मराठवाड्यात तर 'पोलीस' या शब्दालाच जुने ओझे आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये लष्कराने निजामाची राजवट संपविली, त्या कारवाईला लोक आजही 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. रझाकारांच्या जाचातून सुटलेल्यांना त्या शब्दात मुक्ती ऐकू येते. त्यानंतरच्या हत्याकांडात घरची माणसे गमावलेल्यांना त्यातच दुसरे काही ऐकू येते. नांदेड आणि उस्मानाबाद (लातूर तेव्हा त्यातच होते) या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली, असे नमूद करणारा पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके कुलुपात राहिला.

याच लातूर जिल्ह्यात आम्ही एक वेगळा पोलीसही पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो. काही दिवसांनी मदतीला गेलो. आदल्या रात्री गणेशविसर्जनाचा बंदोबस्त केलेली माणसे तशीच दगडमातीत उतरली होती. ढिगाऱ्याजवळ एक शिपाई उकिडवा बसून गुडघ्यावरच्या वहीत नावे लिहीत होता. एका म्हातारीला आपल्या सुनेचे माहेरचे नाव आठवेना, तर तो थांबून राहिला. मागे रांग वाढत होती. पण पूर्ण नाव लिहिल्याखेरीज त्याने पान उलटले नाही.

हा लेख लिहावयास घेतला तेव्हा त्या विधवा बाईची तारीख पडताळून पाहावी, असे मनात आले. तिला ती तोंडपाठ होती. आम्ही कपाटातून त्या वर्षीची आमची दैनंदिनी काढली. ती रोज लिहिण्याची सवय आम्हांला सेमिनरीपासून आहे. त्या तारखेच्या पानावर आमच्याच अक्षरात एवढेच आहे: सायंकाळी मिस्सा, दोन आजाऱ्यांच्या भेटी, पाऊस.