खंडेनवमीची सुरी

खंडेनवमीला डोंबिवली एमआयडीसीत यंत्रांना, हत्यारांना झेंडूची फुलं वाहिली जातात. ज्याच्यामुळे पोट भरतं त्याला हात जोडणं योग्यच. पण साधनाला पुण्य लाभत असेल, तर दोषही लागतो का? ‘पातं निर्जीव, पाप हाताचं,’ हा आक्षेप मला अपुरा वाटतो. जैन श्रावकाच्या अनर्थदंडविरती व्रतात हिंसेचं साधन दुसऱ्याला देणंही दोष मानलं आहे. म्हणजे नीती वापरापूर्वी, निवडीतच सुरू होते. शस्त्र नियमही ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांकडे शस्त्र म्हणून पाहतात, मात्र घरगुती आणि शेतीची हत्यारं वगळतात. तिथेही प्रयोजनच निर्णायक.

मग माहुली किंवा मलंगगड किल्ल्याकडे भटकंतीला निघालेल्यानं कोणती सुरी घ्यावी? वन्यजीव कायद्यानुसार आता शिकारीला बंदी आहे, तेव्हा सावज सोलण्याच्या पात्याचं या रानात कामच उरलं नाही. दोरी, फळं, वाळकी काटकी यांना चारेक इंचांचं, न दुमडणारं पातं पुरतं. संकटात मोठं पातं बरं, असं कुणी म्हणेल. पण डोंगरात संकट येतं ते बहुधा घसरण्याचं, तहानेचं, वाट चुकण्याचं. मोठ्या पात्यानं फक्त ओली फांदी तोडायचा मोह वाढतो. लहान सुरी घ्या, म्यानात घालून सॅकच्या तळाशी ठेवा आणि कल्याण लोकलच्या गर्दीत ती बाहेर काढू नका.