हशा कोणाचा, देह कोणाचा

नारदीय कीर्तनाची आमची रीत ठरलेली. पूर्वरंगात आत्मा निर्गुण, देह म्हणजे नुसतं वस्त्र, असं ठासून सांगायचं. आणि उत्तररंगात मंडप पेंगायला लागला की ‘काळ्या नवरी’चा चुटका सोडायचा. हशा हमखास. तासाभरापूर्वीचा वेदान्त कुणाला आठवत नाही.

जोयड्यात राहणाऱ्याला तरी आठवावं. आमच्या कर्नाटकातल्या जोयडा, हल्याळ, यल्लापूरच्या रानात सिद्दी राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पुष्कळांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं, तिथून निसटून ते घाटावर आले. आज त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत, बोलणं कोकणी-मराठी वळणाचं. तरी बसमध्ये शेजारचा विचारतोच, “कुठल्या देशाचे?”

यल्लापूर तालुक्यातल्या मंचीकेरीत 1980च्या दशकात नीनासम या नाट्यसंस्थेच्या चिदंबरराव जंबे यांनी सिद्दींनाच घेऊन चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’वरचं कन्नड नाटक बसवलं. पुढच्या पिढीत गिरिजा सिद्दी अभिनेत्री-गायिका झाल्या, प्रशांत सिद्दी कन्नड सिनेमातले विनोदी नट. प्रशांत यांचा 2011चा एक सिनेमा ‘परमात्मा’. नाव ऐकून कीर्तनकाराचे कान टवकारणारच!

अशा नटाला पाहून थिएटरात पहिलं हसू फुटतं ते चेहऱ्याला, तो बोलण्याआधीच. ते प्रेक्षकाच्या घरून आलेलं असतं. दुसरं हसू मात्र नट स्वतः काढतो. वाक्य कुठे तोडायचं, कुठे गप्प राहायचं, हे त्याच्या हातात. ‘मी देह नव्हे’ म्हणून त्याला सुटता येत नाही, कारण लोक त्याला आधी देहच समजतात. म्हणून तो देह पुढे करतो आणि त्यावरचा हक्क परत घेतो. मला ही साधना वाटते, आणि आमच्या पूर्वरंगापेक्षा अवघड.

दशावतारातला संकासुर काळा वेश चढवतो, लोकांना हसवतो आणि पहाटे तो उतरवून घरी जातो. नाथांनी भारुडात महाराचं सोंग घेतलं, थोरच केलं. पण भारूड संपलं की ते पैठणचे एकनाथपंतच. चोखोबांना ती सोय नव्हती. सिद्दी नटालाही नाही.

‘देहबुद्धी सोडा’ हा उपदेश ज्याच्या देहाकडे कुणी वळून पाहत नाही, त्याने आधी स्वतःला करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या कीर्तनकार बंधूंना विनंती एवढीच: काळ्या नवरीला आता उत्तररंगातून मोकळं करा. हशा कमी पडला तर स्वतःच्या ढेरीवर काढा. ती आपल्यापैकी बहुतेकांजवळ आहे.