पैसे वसूल, भो!

तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. नसेल, तर तुम्हाला अजून कोणी गावच्या ग्रुपमध्ये घेतलेलं नाही, त्याबद्दल तुमचं अभिनंदन. मला तो मंगळवारी दुपारपर्यंत पाच जणांनी पाठवला. सात ताटं, खाणारे दोघे. एक घास मोडून ठेवलेला केक, हात न लावलेली बिर्याणी, कलिंगडाच्या फोडींवर सांडलेला रस्सा आणि काचेपलीकडे निळाशार समुद्र. मोबाइल धरणाऱ्याचा नुसता आवाज येतो, आपल्याच हेलात: "पैसे वसूल, भो!"

पोरं कोणाची, जहाज कोणतं, याचा तपास लावणारे गावात पुष्कळ आहेत. त्यांना लावू द्या. माझं डोकं फिरलं ते खालच्या अंगठ्यांनी. चाळीस-पन्नास जणांनी अंगठे उंचावले होते, त्यांत दोन निवृत्त मुख्याध्यापक. या दोघांनी हयातभर पोरांना पानात टाकू नये म्हणून सांगितलंय. आणि हो, त्या सात ताटांच्या मध्ये चार कागदी कपही होते. कागदी कपांबद्दल मी या जागेवर तीनदा लिहिलंय. चौथ्यांदा लिहिणार आहे, पण आज नाही.

माझा भाचा त्या व्हिडिओत नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर बहिणीचा फोन येईल. पण व्हिडिओ दाखवला तेव्हा तो म्हणाला, "मामा, यात चुकलं काय? पैसे भरलेत ना त्यांनी." त्याला अनुभव आहे. याच हिवाळ्यात तो आणि त्याचा कॉलेजातला मित्र असे दोघे पाठीवर उंटाएवढ्या बॅगा टाकून निघाले होते. खानदेश एक्स्प्रेसने मुंबई, तिथून कारवार, गोकर्ण, गोवा. याला बॅकपॅकिंग म्हणतात. सखाराम महाराजांच्या दिंडीबरोबर इथून, अमळनेरहून, पंढरपूरला चालत जाणाऱ्याच्या खांद्यावरही बिऱ्हाड असतं, पण त्याला कोणी बॅकपॅकर म्हणत नाही. त्याच्या पडशीला पट्टे आणि चेन नसतात म्हणून असेल.

तर नऊ दिवस या दोघांनी काटकसर केली. एका खोलीत दहा जण झोपतात तिथे झोपले, रात्रीच्या बसने फिरले, वडापाववर राहिले. पणजीत एका रिक्षावाल्याशी तीस रुपयांवरून पाऊण तास वाद घातला. "आम्ही टुरिस्ट नाही, बॅकपॅकर आहोत," हे त्याला पटवून दिलं म्हणे. त्या बिचाऱ्याला दोन्हींतला फरक तीस रुपयांचा पडला. आणि मग शेवटच्या दोन रात्रींसाठी मुंबईला येऊन क्रूझमध्ये बसले. नऊ दिवसांत झाला त्याहून जास्त खर्च त्या दोन रात्रींवर. बरं, केला. पहिलीच क्रूझ, बरोबर जिवाभावाचा मित्र, वय तेवीस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. ज्यांच्या आजोबांनी ते शेअर जपून ठेवले त्यांची नातवंडं क्रूझवर जाणार आणि ज्यांच्या आजोबांनी विकले त्यांची नातवंडं स्तंभ लिहिणार, हे ठरलेलंच आहे.

क्रूझ म्हणजे काय, असं मी भाच्याला विचारलं. कुठेही जायचं नसताना केलेला बोटीचा प्रवास, असं उत्तर माझ्या मनात होतं. तो म्हणाला, "मामा, फुल एन्जॉय." हा शब्द ज्याने मराठीत आणला त्याला मी शोधतोय.

आता 'पैसे वसूल' या दोन शब्दांकडे येऊ. वसूल हा सावकाराचा शब्द आहे. त्याआधी तो सरकारचा होता. शेतसारा वसूल व्हायचा, वसुलीला माणूस दारात येऊन बसायचा. वसूल कोण करतो? ज्याचं येणं आहे तो. तुम्ही तिकीट काढलंत, जहाजाने तुम्हाला नेलं, आणलं, झोपायला खोली दिली, जेवू घातलं. हिशेब तिथे मिटला. मग तुमचं येणं राहिलं कोणाकडे? केकने तुमच्याकडून हातउसने घेतले होते? त्या बिर्याणीच्या सातबाऱ्यावर तुमचा बोजा होता, म्हणून तुम्ही जप्तीला निघालात?

आणि वसुलीच म्हणायची तर ती तरी धड करा. सावकार ज्वारीचं पोतं उचलून आपल्या घरी नेतो, मूठभर चाखून बाकीचं रस्त्यात ओतून देत नाही. सातातली दोन ताटं पोटात गेली, पाच टेबलावर राहिली. याला बँकेत बुडीत खातं म्हणतात.

याच हिशेबाने चालायचं तर दवाखान्यात फी भरलीय म्हणून धडधाकट माणसानेही सलाईन लावून घ्यावं. (आपल्याकडे लावून घेतात. तो विषय पुन्हा कधी.) लग्नात पाचशे एकचा आहेर केला असेल तर जिलब्या मोजायला बसावं आणि जिलबीच्या भावाने आहेर फिटेपर्यंत पंगतीतून उठू नये. एसटीचं तिकीट धुळ्यापर्यंतचं काढलं आणि काम पारोळ्यातच झालं, तरी धुळ्याला जाऊन यावं. घरपट्टी भरलीय ना? मग टाका बोरी नदीत कचरा. हे शेवटचं विनोद म्हणून लिहायला घेतलं होतं, पण काल पुलावरून खाली पाहिलं आणि विनोद राहिला नाही.

वसुलीची खरी गंमत बोटींच्या मालकांना विचारावी. मुंबई-गोवा मार्गावर २०१८ च्या ऑक्टोबरात मोठ्या थाटात 'आंग्रिया' सुरू झाली; आज ती कुठे आहे, ते प्रवासी विचारत नाहीत. २०१९ मध्ये मुंबईहून 'कर्णिका' निघाली. मग कोरोना आला, धंदा बसला आणि २०२० संपायच्या आत ते आख्खं जहाज अलंगला भंगारात गेलं. नाचघर, पोहण्याचा तलाव, जेवणघर, सगळं गॅस कटरने कापलं. २०२१ च्या सप्टेंबरापासून 'एम्प्रेस' आली. ती बांधली १९९० साली. म्हणजे भाच्याच्या मित्राने ज्या जहाजापुढे उभं राहून फोटो काढले ते त्याच्याहून वयाने थोरलं. एवढी लोखंडाची धूडं जिथे पैसे वसूल न होता कापली जातात, तिथे व्हिडिओतला हा वीर पाच ताटं टाकून वसूल करतोय.

"सगळेच टाकतात." "एकदाच तर जगायचं." "माशांना खायला मिळतं." ही बाकीची कारणं भाच्याने एका दमात सांगितली. पहिल्या दोहोंना उत्तर देण्यात मी म्हातारा झालो. माशांबद्दल मात्र बोलतो. जहाजांनी समुद्र घाण करू नये म्हणून मार्पोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. काही जहाजं उरलेलं अन्न बंदरावर उतरवतात, काही जाळतात. समुद्रात टाकायचंच झालं तर साधारण नियम असा, की तसंच टाकायचं असेल तर जमिनीपासून बारा सागरी मैल दूर जायचं, म्हणजे बावीस किलोमीटर, इथून पारोळ्याला जाण्याइतकं. पंचवीस मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतकं बारीक केलं तर तीन मैलही चालतात. त्यासाठी जहाजावर यंत्र असतं. आपण धान्य गिरणीत नेतो ते खाण्यासाठी. तिथे शिजवलेलं अन्न दळतात, टाकण्यासाठी. बिर्याणीचं पीठ.

अमळनेरकराला समुद्राचं काय पडलंय, असं कोणी म्हणेल. बोरी तापीला मिळते आणि तापी सुरतेपुढे खंभातच्या आखाताला. अलंगही त्याच आखातावर. पाडळसऱ्याचं धरण पुरं होईपर्यंत आपल्या वाट्याचं पाणी तिकडेच जाणार. तेव्हा त्या समुद्रात आपलाही हिस्सा आहे, वसूल न झालेला.

आता मित्राबद्दल. हा मुलगा तापीकाठच्या एका खेड्यातला, घरी शेती. क्रूझचे पैसे त्याने कसे जमवले ते मी विचारलं नाही आणि भाच्यानेही विचारलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. पहिल्या रात्री त्याने एकदाच वाढून घेतलं, ताट बोटाने निपटून खाल्लं, आणि उठून ते ताट हातात घेऊन धुवायला कुठे द्यायचं ते शोधू लागला. वाढणारा धावत आला. हा ताट सोडेना, तो ताट ओढतोय. आजूबाजूचे हसले. भाचाही हसला. "घरी जेवायला बसल्यासारखा जेवत होता, मामा. मला इतकी लाज वाटली!" मी विचारलं, कशाची? त्याला सांगता येईना. बराच वेळ मोबाइलशी चाळा करत राहिला.

ते ताट ओढणारा माणूस कोण असतो, ठाऊक आहे? क्रूझवर काम करणारे पुष्कळसे फिलिपिन्सचे, इंडोनेशियाचे आणि आपल्या देशातले. गोव्यात तर तारवटी हा घराघरातला पेशा; बाप बोटीवर, मुलगा बोटीवर, आणि घर मात्र गावात, दर सुट्टीत थोडं थोडं बांधलेलं. एकदा चढले की कित्येक महिने उतरायचं नाही. २००६ च्या सागरी श्रम कराराने त्यांच्या कामाच्या तासांना मर्यादा घातली, ती अशी: दिवसाला फार तर चौदा, आठवड्याला फार तर बहात्तर. ही कमाल मर्यादा आहे, सवलत म्हणून दिलेली. आमचे गिरणी कामगारही यापेक्षा लवकर घरी यायचे. त्या माणसाने हसतमुखाने आपली पाच भरलेली ताटं उचलावीत, हेही तिकिटात धरलेलं असतं म्हणे. साने गुरुजींचं नाव या ठिकाणी घेता आलं असतं. अमळनेरात ते घेतलं की टाळी मिळते. म्हणून घेत नाही.

इथवर लिहिलं आणि मला १९८४ चा डिसेंबर आठवला. आठवला नसता तर बरं झालं असतं.

मी आणि माझा एक मित्र, आम्हीही निघालो होतो. पाठीवरची बॅग नव्हती, एक वळकटी आणि दोन कापडी पिशव्या होत्या. भाऊच्या धक्क्यावरून तेव्हा पणजीची बोट सुटायची. तिला कोणी क्रूझ म्हणत नसे. डेकवर ज्याने सतरंजी आधी पसरली त्याची जागा. आजूबाजूला गावी निघालेली कोकणातली कुटुंबं, ट्रंका, पिंपं, रडणारी पोरं. चहा काचेच्या ग्लासात. कागदी कप तिथवर यायचे होते. माझ्या आईने दशम्या आणि ठेचा दिला होता, मित्राच्या आईनेही दिला होता. दोघांचं मिळून दीड दिवसाचं खाणं. मित्र गंमत बघायला कठड्याशी गेला, आणि मी दोन तासांत, केवळ समुद्रावर भूक फार लागते असं कुणीतरी म्हणालं म्हणून, त्यातलं बहुतेक सगळं संपवलं. त्याच्या वाटच्या दोन दशम्याही.

पुढे काय झालं ते कोकणी माणसाला सांगायला नको. बोट लागली. हर्णैच्या आसपास मी कठड्यावर ओणवा झालो आणि दोन्ही आयांचं अन्न अरबी समुद्राला दिलं. किनारा दिसत होता, म्हणजे बारा मैलांच्या बऱ्याच आत. शेजारच्या सतरंजीवरच्या एका आजींनी आमसूल हातावर ठेवलं, "चघळ, बोलू नको" म्हणाल्या, आणि पणजीपर्यंत मी बोललो नाही. जहाजांवरच्या केरकचऱ्याबद्दलचं मार्पोलचं परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ ला लागू झालं. माझा गुन्हा चार वर्षं आधीचा, आणि कायदा मागे जाऊन लागू होत नाही, हे मी एका वकिलाकडून खात्री करून घेतलंय. दशम्यांचं मात्र त्या मित्राला अजून सांगितलेलं नाही. आपल्या वाटणीच्या दशम्या उंदरांनी नेल्या असं तो आजही मानतो आणि चारचौघांत ती गोष्ट रंगवून सांगतो. मीही हसतो.

तेव्हा ताटात टाकू नये, एवढंच म्हणतो. याच्या पुढे जाऊन मोठं काहीतरी म्हणायचं ठरवलं होतं, पण दशम्या आडव्या आल्या.

येत्या रविवारी भाचा आणि त्याचा तो मित्र, दोघे माझ्याकडे जेवायला आहेत. वरणबट्टी आणि वांग्याची भाजी. ज्याचं ताट त्याने घासायचं आहे, आणि बट्ट्या मोजून करायला सांगितल्या आहेत.