वीट, मीठ आणि परमाणू

भाताची कापणी आटोपून शेते मोकळी झाली, की कर्जत तालुक्यात शेलू-नेरळच्या आसपास वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो. कातकरी कुटुंबे चिखल तुडवून विटा थापू लागतात, आणि उन्हात वाळलेली मातकट कच्ची वीट भट्टीतून तांबडी होऊन बाहेर पडते. शेलूच्या स्थानकावर लोकल पकडून कर्जतला अगर कल्याणला पदवीच्या पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हे दृश्य इतके अंगवळणी पडलेले असते की, अशाच भाजलेल्या मातीवरून आपल्याकडील दोन दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला, ही गोष्ट कोणी सांगितल्यावाचून त्याच्या ध्यानी येण्याचे कारण नाही.

भाजल्यावर घटाचा रंग पालटतो, तो पालट नेमका कोणात घडतो, हा त्या वादाचा विषय. वैशेषिकांच्या मते अग्नीच्या आघाताने घट परमाणूंपर्यंत विघटित होतो, एकेका परमाणूचा पूर्वीचा रंग जाऊन नवा येतो, आणि त्या तांबड्या परमाणूंचा घट पुनश्च रचला जातो, हा पीलुपाक. नैयायिकांना हे कबूल नव्हते. घट खरोखरच परमाणूंपर्यंत फुटला असता, तर त्याचा आकार कायम कसा राहिला आणि 'हा तोच घट' अशी ओळख आपल्याला कशी पटली, असा त्यांचा रोकडा सवाल होता. सबब अग्नी घटाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो व सबंध घटच पालटतो, असा पिठरपाक त्यांनी मांडला.

आता पहिल्या वर्षाचे पुस्तक काय सांगते, ते पाहावे. मातीत लोखंडाची जलयुक्त संयुगे असतात. उष्णतेने त्यांतील पाणी निघून जाते व मुबलक हवेत तांबडे फेरिक ऑक्साइड बनते. हवा कोंडली, तर तीच वीट काळपट निघते. लोखंडाचा अणू लोखंडाचाच राहतो, आणि तांबडेपणा एकट्या अणूला नसतोच, तो लोखंड व ऑक्सिजन यांच्या परस्पर रचनेचा धर्म असतो. तेव्हा परमाणूच तांबडा होतो हे मत टिकत नाही. परंतु बाहेरचा आकार अबाधित दिसत असता आतले जुने संबंध तुटून नवे जुळतात, ही जी दृष्टी पीलुपाकाच्या मुळाशी आहे, ती मला फार खोल वाटते.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. वैशेषिक दर्शनाचे प्रवर्तक कणाद यांनी डाल्टनचा अणुसिद्धांत आधीच सांगून ठेवला होता, असे अभिमानाने म्हणणारे पुष्कळ भेटतात; त्यांच्या हातून दोघांवरही अन्याय होतो. वैशेषिकांचे परमाणू पृथ्वी, आप, तेज आणि वायू अशा चार जातींचे, आणि ते तर्काने सिद्ध केलेले: विभाजनाला अंतच नसेल, तर मेरुपर्वत आणि मोहरी या दोहोंचेही अवयव अनंत ठरून त्यांच्यात लहानमोठेपणा उरणार नाही. १८०८ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या डाल्टनच्या ग्रंथाचा पुरावा तराजूतला आहे. कार्बनच्या एका ऑक्साइडात १२ भाग कार्बनशी १६ भाग ऑक्सिजन असतो, दुसऱ्यात ३२ भाग. मधला आकडा नाही. एकाने परमाणूची आवश्यकता सिद्ध केली, दुसऱ्याने वजनाचा दाखला आणला.

वजनापुरता हिशेब चोख लागतो. २३ ग्रॅम सोडियम आणि ३५.५ ग्रॅम क्लोरीन यांपासून ५८.५ ग्रॅम मीठ होते; बाकी शून्य. सत्कार्यवादी सांख्यांना यात आपलाच जय दिसेल, कारण असतापासून काही उत्पन्न होत नाही. परंतु पाण्यात पडताच पेट घेऊ शकणारा सोडियम आणि १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांचे प्राण घेणारा क्लोरीन यांच्या कोणत्या कोपऱ्यात रोजच्या आमटीतले मीठ दडलेले होते? समीकरण संतुलित करून विद्यार्थी पुढे सरकतो, आणि द्रव्य जुनेच असून गुण नवा आला तो कोठून, हा प्रश्न परीक्षेच्या धांदलीत मागे राहतो. मला याचे मनापासून दुःख होते. विचार करावयास लागावे, असे वय नेमके हेच असते.

नवा गुण संयोगातून येत असेल, तर मुळात संयोगच होतो कसा, या प्रश्नाच्या गाभ्याला शंकराचार्यांनी हात घातला होता. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादावरील भाष्यात परमाणुवादाचे खंडन करताना ते विचारतात की, परमाणू जर निरवयव, तर त्यांचा संयोग व्हावा कसा? एका अंगाने चिकटावे, तर अंगच नाही; सर्वांगाने चिकटावे, तर दोन मिळून एकाएवढेच होतील, वाढ कशाची? डाल्टनपाशीही याला समाधानकारक उत्तर नव्हते. १८९७ साली थॉमसनने इलेक्ट्रॉन दाखविला, १९१६ साली लुईसने इलेक्ट्रॉनांच्या जोडीतून बंध कसा होतो हे मांडले, आणि अणू जोडला जातो तो त्याला अवयव आहेत म्हणूनच, हे उघड झाले. मिठात सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन बसतो. ज्वलनशीलपणा आणि विषारीपणा हे त्या देण्याघेण्याच्या पूर्वीच्या स्थितीचे धर्म होते, ती स्थिती गेली तेव्हा तेही गेले.

आचार्यांचा आक्षेप मात्र निकालात निघाला नाही, तो एक पायरी खाली उतरला. ज्याला आजवर अवयव सापडलेले नाहीत, असा आता इलेक्ट्रॉनच आहे. आणि तो अंगाला अंग लावून जुळतच नाही, विद्युत्-आकर्षणाने बांधला जातो, म्हणून संयोग म्हणजे स्पर्श, हे वैशेषिक आणि वेदान्ती दोघांनीही गृहीत धरलेले समीकरणच प्रथम तपासावे लागेल.