पदराच्या गाठीतील गोळी

शास्त्रपाठ : करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 12, वचने 14 ते 26



गेल्या पावसाळ्यात भामरागडाकडील एका गावी प्रार्थनेस गेलो असता, हिवतापातून उठलेला एक मुलगा आम्ही अंगणात खेळताना पाहिला. आशाताईंनी बोटाचे रक्त तपासून तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तेव्हा आजीने उरलेली मात्रा पदराच्या गाठीस बांधून ठेविली. विचारता म्हणाली, "पुढल्या तापाला होईल." हिला अज्ञानी म्हणण्याची घाई कोणी करू नये. ज्या घरात मीठही जपून वापरितात, तेथे औषध जपले जाणारच. आणि शिकलेल्या आम्हीही ताप उतरताच पुडी बाजूस सारिली आहे.

तरी त्या गाठीत संकट होते. ताप उतरला तरी रक्तात काही जंतू उरतात. अपुऱ्या औषधातून जे वाचतात ते चिवट, आणि डास त्यांचीच प्रजा शेजाऱ्याच्या अंगी नेतो. क्लोरोक्विन एके काळी हमखास गुण देई. आज घातक हिवतापावर ते आपल्या देशात निरुपयोगी झाले आहे. त्याच्या जागी आलेल्या आर्टेमिसिनिनासही न जुमानणारे जंतू 2008 च्या सुमारास कंबोडियात आढळले, आणि पुढे आफ्रिकेत रवांडा व युगांडा येथेही दिसून आले. अर्धवट मात्रा व बनावट गोळ्या यांनी हे बळ त्यांस दिले. डासास इंद्रावतीची सीमा ठाऊक नाही, मग राष्ट्रांच्या सीमांची काय कथा?

संयुक्त राष्ट्रांच्या 1994 च्या मानवविकास अहवालाने म्हटले की सुरक्षितता म्हणजे केवळ सरहद्दीवरील फौज नव्हे. अन्न, आरोग्य व निर्भय घर हीही सुरक्षितताच होय. पौलाने एका शरीराच्या अनेक अवयवांविषयी लिहिले, ते आम्हांस येथे डोळ्यांपुढे दिसते. ही गोळी तरी कोणाची? 1897 साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या रोग्याचे रक्त प्यालेल्या डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. चीनच्या तू यूयू बाईंनी आपल्या दवण्याच्याच कुळातील एका वनस्पतीतून औषध शोधिले. 2015 साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. सिकंदराबादचा रोगी आणि चीनची संशोधिका, दोघेही त्या झोपडीत आले होते.

आणि आपण केवळ घेणारे आहो असेही नाही. गडचिरोलीच्या खेड्यांतील स्त्रियांनी डॉ. अभय व राणी बंग यांच्या सर्च संस्थेत शिकून घरोघरी नवजात बालके वाचविली. तो वृत्तांत 1999 साली लॅन्सेट या वैद्यकीय पत्रात आला, आणि दूरदूरच्या देशांनी त्यापासून धडा घेतला. हाताने पायास तुच्छ लेखू नये हे जितके खरे, तितकेच पायाने स्वतःस तुच्छ लेखू नये हेही खरे.

आजीस आम्ही एवढेच सांगितले की ही गोळी तुझ्या नातवाची आहे, तशीच ती कोणा परक्या आईच्या लेकराचीही आहे. तिने गाठ सोडिली, व आम्ही आशाताईंस बोलावणे धाडिले.

उपदेशक बंधूंस विनंती : मिरची तोडावयास तेलंगणाकडे माणसे निघतील, तेव्हा निरोपाच्या प्रार्थनेआधी विचारावे की कोणास ताप येऊन गेला काय, आणि तिसऱ्या दिवसाची गोळी पोटात गेली की पदरात राहिली.